पद्माचा वाजवी सवाल

महाराजांच्या राज्यात मी दरबारच्या एका कचेरीत कारकून होतो. काम एकच, कंत्राटदारांचे करारनामे लिहायचे. त्यातले बरेच करार वाळवीने खाल्ले, किस्से मात्र अजून शाबूत आहेत!

आमचे हेडक्लार्क भूपालअण्णा. अक्षर मोत्यासारखं, पण एक खोड होती. जिथे अडेल तिथे ‘वाजवी’ लिहून मोकळे! वाजवी मुदत, वाजवी माल, वाजवी हुकूम.

“अण्णा, वाजवी म्हणजे नेमकं काय, तेही लिहा की,” मी म्हणायचो.

“भांडण झालं की बघू,” म्हणत ते तपकिरीची चिमूट ओढायचे.

भांडणं व्हायचीच. हत्तीच्या चाऱ्याच्या करारात अण्णांनी ‘वाजवी चारा’ लिहिलं. कंत्राटदाराने अर्धी गाडी ऊस आणून टाकला. माहूत मोहिद्दीन खवळला.

“एवढ्यानं काय हुतंय?”

“करारात वाजवी म्हटलंय. ह्यो वाजवी हाय!”

“मग करार हत्तीला वाचून दाखीव की!”

हत्तीने सोंड पुढे केली, तसा कंत्राटदार मागे सरला. संध्याकाळी उरलेली अर्धी गाडी आली.

दुसरा किस्सा बाबालाल मिस्त्रीचा. करारात कलम होतं, ‘ओव्हरसियरचा वाजवी हुकूम तात्काळ पाळावा.’ मोठे साहेब तपासणीला यायचे होते, म्हणून ओव्हरसियरने भर आषाढात भिंतीला चुन्याचा गिलावा करायला सांगितला.

“सायेब, ह्यो हुकूम वाजवी न्हाय.”

“मी सांगतो तेच वाजवी!”

बाबालालने मुकाट्याने गिलावा केला. दुपारच्या पावसात सगळा चुना गटारात! ओव्हरसियर आरडाओरडा करत आला.

“तुमचा हुकूम पाळला की,” बाबालाल म्हणाला. “आता पावसालाबी एक हुकूम सोडा!”

कचेरीत आम्ही पोट धरून हसलो. अण्णासुद्धा हसले, आणि पुढच्या करारात पुन्हा तेच कलम घातलं.

मग अण्णांच्या पद्माची सोयरीक ठरली. मंगळवार पेठेत त्यांच्या घरी यादी करायला बैठक बसली. लग्नाच्या अटी लिहायच्या, लेखणी अर्थातच अण्णांच्या हातात. पद्मा मुलींच्या शाळेत जायची, तिला मास्तरीण व्हायचं होतं. पण लग्नानंतर शाळेचं काय, हा विषय कुणी काढेना. मीही पानाला चुना लावत बसलो.

सगळी देणीघेणी ठरल्यावर अण्णांनी सवयीने शेवटचं कलम लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “मुलीने सासऱ्यांचे वाजवी हुकूम पाळावेत.”

“झ्याक लिवलंय!” व्याही खूश झाले.

तेवढ्यात माजघरातून पद्माचा आवाज आला, “अण्णा, शाळा सोड म्हणाले, तर त्यो हुकूम वाजवी का गैरवाजवी? आत्ताच लिवा की!”

अण्णांची लेखणी कागदावर टेकली ती टेकलीच. पोरीचं मला फार कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली. सोयरीक तिथेच मोडली असती तर?

व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला.

“पोरगी लईच शिकल्या की, पावणं!”

“न्हाय मामा,” पद्मा म्हणाली, “अजून शिकायची हाय!”