फुल्या मारलेले सात भाग

मी एका प्रामाणिक बाईला चोर ठरवलं. मनात ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण मी ते चारचौघांना सांगितलं.

जळगावात माझं पंपाचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान आहे. आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड मी गावातल्याच मेहरूण भागातल्या अक्कांकडे दुरुस्तीला पाठवायचो. सोल्डरिंगला त्यांचा हात माझ्याहून सरस. यावलच्या एका केळीवाल्या नानांचा बोर्ड त्यांच्याकडून आला, तेव्हा त्यावर सात जागा रिकाम्या दिसल्या. भोकं होती, भाग नव्हते.

मी तडक अक्कांकडे गेलो. टेबलावर त्याच बोर्डाचा सर्किटचा नकाशा पसरलेला, आणि नेमक्या त्याच सात भागांवर फुल्या. मला वाटलं, काढून घेतलेल्या मालाची ही खूण.

"अक्का, सात भाग गेले कुठे?"

"त्या जागा रिकाम्याच राहतात, भाऊ. फुली म्हणजे भाग बसवायचा नाही. नकाशातच छापेल शे."

"छापलंय, का तुम्ही मारलंय?"

त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावरचं भिंग पुढे केलं. "मनं भिंग ल्या, नि पहा."

मी भिंग घेतलं नाही. बाहेर येऊन नानांना फोन लावला आणि अक्कांनी त्यांच्या बोर्डातले सात भाग चोरल्याचं सांगितलं.

"स्टार्टर चालतो ना रे?" नाना म्हणाले.

"चालतो, पण आतून पोखरलाय."

शेजारच्या दोन दुकानदारांनाही सांगितलं. त्यांनी अक्कांकडे बोर्ड पाठवणं बंद केलं.

पुढे नानांना बदलून द्यायला धुळ्याहून त्याच जातीचा नवा बोर्ड आणला. सील फोडलं, तर त्याच सात जागा रिकाम्या. तरी माझा संशय जाईना. धुळ्याचा विक्रेताही सामील असेल म्हणून पुन्हा जाऊन त्याच्यासमोर दुसरा खोका फोडायला लावला. तोही तसाच. सोबतच्या नकाशात सात फुल्या छापलेल्या, आणि खाली एक ओळ : फुलीचे भाग फक्त थ्री फेजसाठी. एकच बोर्ड दोन्ही प्रकारच्या पंपांना वापरतात. नानांचा पंप सिंगल फेजचा.

परतीच्या बसमध्ये मला ते भिंग आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नानांना आणि त्या दोन्ही दुकानदारांना घेऊन मी मेहरूणला गेलो. अक्का काम करत होत्या, मान वर केली नाही.

"बोल आता," नाना म्हणाले, "फोनवर तर मोठ्यानं बोलत होतास."

मी म्हणालो, "अक्का, तुम्ही खरं सांगत होतात. मी पाहिलंसुद्धा नाही. तुमच्यावर घेतलेला चोरीचा आळ खोटा होता, आणि तो मीच या तिघांपर्यंत पोचवला. मला माफ करा."