सीटचे वारस

तिला माहेरी मिजास म्हणत. नाव थोरल्या भावाने ठेवलं, ती सहा वर्षांची असताना. ताट रिकामं झालं तरी ही तोंडाने 'वाढा' म्हणायची नाही. ताटाकडे बघत बसायची, आणि कोणाच्या लक्षात नाहीच आलं तर अर्धपोटी उठायची. आई म्हणायची, "मागितलं असतंस तर काय जीभ झडली असती?" झडली नसती, पण वळली नाही हेही खरं. पुढे लग्न झालं आणि नाव तिच्याबरोबर सासरी आलं. सासूबाईंनी चार दिवस सुनेला पाहिलं आणि म्हणाल्या, "ज्याने ठेवलंय त्याने विचार करून ठेवलंय."

मिजास कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून बोळक्या तोंडांचे ठसे लॅबमध्ये यायचे. त्यात प्लॅस्टर ओतायचं, साचा काढायचा, मेणाच्या हिरड्या उभ्या करून त्यात एकेक दात रोवायचा. नऊ वर्षं हेच काम केल्यावर माणसाकडे बघायची तिची एक तऱ्हा झाली होती. आधी तोंड बघायचं, मग चेहरा. आणि एकदा आतून तोंड पाहिलं की माणसाबद्दल फारसा आदर शिल्लक राहत नाही, असं तिचं म्हणणं. काम सगळं स्टुलावर बसून, त्यामुळे नोकरीचा त्रास नव्हता. त्रास होता तो सकाळच्या बसचा. एक तास दहा मिनिटं, आणि पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब. संध्याकाळची बस लॅबच्या स्टॉपला रिकामीच यायची, तिचा प्रश्न नव्हता.

पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. दुसऱ्या वेळेला डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, "तासभर उभं राहायचं नाही. बसून जाणार असाल तर कामावर जा. नाहीतर घरी पडून राहा." घरी पडून राहिलं तर रजा बाळंतपणाआधीच संपणार, आणि मूल झाल्यावर तेराव्या दिवशी कामावर हजर व्हावं लागणार. नवरा म्हणाला, "अगं, पोट दिसतंय की. कोणीतरी उठेलच." भाबडा माणूस. त्याला रात्रपाळी होती. सकाळच्या बसमधले लोक त्याने कधी बघितलेच नव्हते.

त्या बसमध्ये सीट रिकामी होत नसे, ती वारसाने जात असे. म्हणजे कोर्टाच्या स्टॉपला उतरणारा कारकून उठायच्या आधी कोणाच्या तरी खांद्यावर टिचकी मारणार. ज्याला टिचकी बसली तो वारस. वारस मागच्या दाराशी असला तरी गर्दीतून वाट काढत येणार, तोवर कारकून सीटवर अर्धा टेकून ती राखणार, आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने नुसतं तिकडे पाहिलं तरी चारजण डोळे वटारणार. कोणाची सीट कोणाला, याची यादी होती. यादी सांभाळायला अध्यक्ष होता. त्याला कोणी निवडून दिलं होतं देव जाणे. हा अध्यक्ष कुठल्याशा ऑफिसात हेडक्लार्क, वय चौपन्न, आणि 'ज्येष्ठ व गर्भवती' अशी पाटी असलेल्या सीटवर ज्येष्ठ म्हणून बसायचा. त्याची वरची कवळी मिजासने केलेली होती. डॉक्टरांनी वयाला शोभेल असा पिवळसर रंग सुचवला होता, तर यानेच चिठ्ठी पाठवून सगळ्यात पांढरे दात मागवले होते. मिजासला ती चिठ्ठी पाठ होती.

नऊ वर्षांत तिने त्या बसमधल्या कोणाला 'काय, कसं काय' विचारलं नव्हतं. कोणाच्या वाढदिवसाचा पेढा घेतला नव्हता. त्यामुळे ती कोणाचीच वारस नव्हती. आता ती पोट घेऊन उभी राहिली, आणि बसमध्ये एकदम झोपेची साथ आली. काय ती झोप! माना कलंडल्या, तोंडं उघडी पडली. कोणाचं दाढेतलं सिमेंट निघालंय हे मिजासला वरून दिसायचं. जे झोपेचं सोंग आणू शकत नव्हते ते मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. एक बाई तर तिच्या पोटाकडे बघून शेजारणीला म्हणाली, "हल्लीच्या मुली शेवटपर्यंत काम करतात बाई, कौतुक आहे." कौतुक केलं आणि पर्स मांडीवर नीट घेऊन बसली. मिजास मनात म्हणाली, 'यांच्याकडे मागू? या भिकारड्यांकडे?' आणि दांडी घट्ट धरून उभी राहिली.

दहा दिवस उभी राहिली. अकराव्या दिवशी लॅबच्या संडासात तिला कपड्यावर लाल डाग दिसला.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट होतं. नुसतं म्हणाल्या, "या वेळी वाचलं. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही." त्या रात्री मिजास सासूबाईंशेजारी झोपली आणि रडली. सासूबाई अंधारातच म्हणाल्या, "मिजास बाजूला ठेव गं बाई तीन महिने. परत उचलून घे मग, कोणी चोरून नेत नाही."

तरीही तिने मागितलं नाही. तिच्या वतीने कंडक्टरने विचारलं. तो अध्यक्षाला म्हणाला, "साहेब, ही सीट कायद्याने बाईंची आहे. उठवू का तुम्हाला?" अध्यक्ष हसला, मिजासचेच दात दाखवून. "कायदा आहे हो, पण पद्धतही आहे. सगळ्यांनाच गरज असते. आपण बाईंचं नाव यादीत घालू." लगेच मोबाईल काढून त्याने नाव घातलं, आणि मोठा उपकार केल्यासारखं सांगितलं, "सातवा नंबर. सात-आठ महिन्यांत काम होईल."

"सात-आठ महिन्यांनी माझं मूल पालथं पडायला लागलेलं असेल," मिजास म्हणाली.

"मग त्याच्या नावावर नंबर चालू ठेवू!" अध्यक्ष म्हणाला, आणि पुढच्या तीन रांगा खदखदा हसल्या. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. मिजासने ते सगळे दात नीट बघून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली ती लॅबमधली जाड फोमची गादी काखोटीला मारून. बरोबर मधोमध, दोन्ही दारांच्या मध्ये, चालायच्या वाटेवर तिने गादी टाकली आणि मांडी घालून बसली. पोट पुढे, डबा बाजूला.

कोर्टाचा स्टॉप आला. कारकुनाने टिचकी मारायला हात उचलला, पण वारस मागे आणि वाटेत मिजास. तिला ओलांडून जायची कोणाची छाती होईना. पोटुशी बाईला लाथ लागली तर पंचाईत! तेवढ्यात कोणी एक परका विद्यार्थी कारकुनाच्या जागी टुपकन बसला. बसमध्ये अशी आरडाओरड झाली म्हणता, जशी काही कोणाची जमीन लाटली. पुढच्या स्टॉपला दवाखान्यातल्या कंपाउंडरची सीट एका भाजीच्या पिशवीवाल्या आजीने पटकावली. तिसऱ्या स्टॉपला चक्क अध्यक्षाच्या मेव्हण्याचा वारसा बुडाला.

अध्यक्ष उभा राहिला. "उठा बाई! ही काय बसायची जागा आहे?"

"डॉक्टरांनी उभं राहू नको म्हणून सांगितलंय."

"अहो, पण वाटेत?"

"मग कुठे? सातव्या नंबरावर?"

अध्यक्षाने कंडक्टरला हाक मारली. कंडक्टर मागच्या दारातून शांतपणे म्हणाला, "नियम आहे की वाटेत सामान ठेवू नये. बाई काही सामान नाही साहेब."

पाच दिवस मिजास वाटेत बसली आणि पाच दिवसांत यादीचा पार बोजवारा उडाला. आयुष्यात कधी सीट न मिळालेली माणसं बसून जायला लागली. सहाव्या दिवशी अध्यक्षाने जाहीर केलं, की माणुसकीच्या भावनेतून तिसऱ्या रांगेतली खिडकीची सीट बाईंना बाळंतपणापर्यंत देण्यात येत आहे, आणि रजेवर जाताना बाईंनी पद्धतीप्रमाणे आपला वारस सांगावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी, ते त्यांनाच ठाऊक. मिजासने आभार मानले नाहीत. गादी उचलली आणि जाऊन बसली. मूल वाचलं, तिला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

पण नंतर एक गंमत झाली. बँकेतली कॅशियर तिच्या सीटजवळ उभी राहायला लागली. चाळिशीची, बारीक, बोलताना तोंडावर हात धरणारी. एक दिवस तिने पाठीला लावायला उशी आणली. "माझ्या वेळेला मला फार त्रास झाला हो कमरेचा," म्हणाली. रोज घरून उशी आणायची आणि मिजास उतरताना परत घ्यायची. पायांना सूज आली तर खाली टेकवायला आपली बॅग द्यायची. मिजास आधी हूं की चूं करत नव्हती. मग एकदा हसली. मग एक दिवस तिने पहिल्या बाळाबद्दल सांगितलं. जे नवऱ्याशीही धड बोलली नव्हती ते खिडकीकडे तोंड करून बोलली, आणि कॅशियरने नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी ती सासूबाईंना म्हणाली, "बसमध्ये एक बाई आहे. बरी आहे." सासूबाईंनी भाजी चिरता चिरता मान वर केली. हिच्या तोंडून कोणी बरं निघाल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

कॅशियर तोंडावर हात का धरते ते मिजासला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. मिजासने ओळखीच्या डॉक्टरांकडून तिचा ठसा घेववला आणि जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर खपून त्या तुटक्या दातावर बसवायची टोपी केली. बाकीच्या दातांसारखाच रंग, कडेला तसाच पुसट डाग. असलं काम तिने अध्यक्षासाठी सात जन्मांत केलं नसतं. कॅशियर तोंड उघडं टाकून हसायला लागली आणि एकदम दहा वर्षांनी तरुण दिसायला लागली.

नववा भरत आला. डॉक्टरीणबाईंनी टाका काढला आणि म्हणाल्या, "जिंकलात. बाळ पुरतं झालंय, आता कधीही झालं तरी हरकत नाही." मिजास शेवटचा एक दिवस कामावर निघाली, साचे दुसरीच्या हवाली करायला.

बस रोजच्यासारखीच खच्चून भरलेली. कॅशियर शेजारी उभी होती, पण आज तिने उशी काढली नाही. वाकून हळूच म्हणाली, "नाव माझंच सांगणार ना?"

"कसलं नाव?"

"अहो, वारसाचं. अध्यक्षांच्या मेव्हण्याचा डोळा आहे या सीटवर. दोन महिने मी काही उगाच उशी वाहिली नाही." आणि हसली. मोकळं, मनापासून. आपण काही वावगं बोललो असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अरे वा रे मिजास, ती स्वतःला म्हणाली, नऊ वर्षं सगळ्यांची तोंडं ओळखलीस आणि जिला पोटातलं आतडं काढून दाखवलंस ती नंबरच लावून उभी होती! तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार काय? उशी खरी होती. बॅग खरी होती. त्यांच्याच जोरावर मूल नवव्या महिन्यापर्यंत आलं होतं, आणि पोटातलं पोर काही उशी कोणत्या हेतूने आली ते विचारत नाही.

तिचा स्टॉप आता पुढचाच होता. एवढं पोट घेऊन दारापर्यंत पोचायचं म्हणून ती लवकर उठली. अध्यक्षाने पुढून विचारलं, "बाई, नाव?" मिजासने कॅशियरकडे बोट केलं. बोट खाली यायच्या आत कॅशियर बसली होती, बॅग मांडीवर, डोळे मिटून.

आणि बस थांबली. पुढे रस्ता खणला होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वाट दोन्हीकडून माणसांनी गच्च, पुढे सरकता येईना की मागे. मिजासच्या पोटऱ्यांत गोळे आले, कंबर तुटायला लागली. कोणीतरी मागून म्हणालं, "बाई, जरा सरका ना, किती जागा अडवता." आजूबाजूला सगळ्या बसला पुन्हा झोप लागली होती. त्यांचं तिला काहीच वाटलं नाही. त्यांच्याकडून तिला कधी अपेक्षाच नव्हती.

ती कॅशियरकडे वाकली आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "अहो, मला जरा बसू देता का? पाचच मिनिटं."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिने कोणाकडे काही मागितलं.

कॅशियरने डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलवून पुटपुटली, "आज उठले तर मेव्हणा बसेल हो. रागावू नका."

मिजास रागावली नाही. त्या बाईची तिला कीवही आली नाही. किळस आली ती स्वतःची, की शेवटी आपणही तोंड वेंगाडलं, आणि तेही कोणासमोर! ती सरळ उभी राहिली, एका हाताने दांडी धरली, दुसरा पोटाखाली घातला. बाळाने आतून जोरात पाय मारला. बस इंचभर सरकली आणि पुन्हा थांबली. स्टॉप समोर दिसत होता, पण अजून लांब होता.