मेघगढचा राहून गेलेला शेवट

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होते. सकाळची वेळ, मी मशीनवर बसलेली, पुढ्यात कुणाची तरी मोरपंखी साडी आणि फॉल अर्धा लावून झालेला. आदल्या दिवशी दवाखान्यात अक्कांनी मला गप्प केलं होतं, आणि त्यांना द्यायचं उत्तर मला आत्ता कुठे सुचलं होतं. चांगलं खणखणीत उत्तर. दुपारी डबा घेऊन जायचं आणि बूड टेकायच्या आधी ते त्यांना ऐकवायचं, असं ठरवून मी एकटीच हसत होते. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे अक्कांची सून रूपाली. "मामी, आई गेल्या," एवढंच म्हणाली बिचारी. रडलीही नाही, नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला... माझ्या तोंडात ते उत्तर तसंच होतं.

आमचं भांडण होतं मेघगढवरून. वाचणाऱ्यांना वाटेल, बाई मरणाच्या दारात आणि ह्या दोघी टीव्हीवरच्या मालिकेवरून भांडतात, काय म्हणावं यांना. म्हणा काय म्हणायचं ते. पण आमचं नातं त्या मालिकेवरच उभं होतं, त्यामुळे सांगायचं तर ते मुळापासूनच सांगायला हवं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. सिडकोत आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. मी या घरात आले ती दुसरेपणावर. यांची पहिली बायको शैला काविळीनं गेली, लग्नाला फार वर्षंही झाली नव्हती. ही शैला अक्कांची नांदगावची बालमैत्रीण. एका बाकावर बसलेल्या, एकमेकींच्या वेण्या घातलेल्या. अक्कांनी स्वतः पुढाकार घेऊन तिला भावजय करून आणलेली. आणि तिच्या जागी मी. आमचे हे ओझरच्या विमानांच्या कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसनं जायचे ते संध्याकाळी यायचे. दिवसभर घरात मी, माझं फॉल-पिकोचं मशीन आणि भिंतीवर शैलाचा फोटो. फोटोचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो अक्कांचा. त्या वाईट बोलल्या असत्या तर मीही चार शब्द सुनावले असते, माझी जीभ काही कुठं गहाण नव्हती. पण त्या बोलायच्याच नाहीत. भाऊ घरी असला की यायच्या, भावाशी बोलायच्या, मी दिलेला चहा प्यायच्या, कप स्वतः विसळून ठेवायच्या आणि जायच्या. पाहुणी कप विसळते ना, तसा. मला एकच हवं होतं, अक्कांनी मला या घरातली म्हणावं. माझी आई लहानपणीच गेलेली, सासूबाई नाहीत, मायेचं म्हणून असं बाईमाणूस दुसरं नव्हतंच.

मग आम्ही रंगीत टीव्ही घेतला. आणि त्याच सुमारास रविवारी सकाळी 'मेघगढ' सुरू झालं. ढगांत लपलेला किल्ला, त्यातली राजकन्या नीलाक्षी, तिच्या मागे लागलेला जादूगार धूम्रनाथ, बोलणारा घोडा, भिंतीतून निघणारे हात, असं सगळं. अक्कांकडे टीव्ही होता, पण काळापांढरा. राजकन्येचा निळा शेला काळापांढरा बघण्यात काय अर्थ आहे, असं त्या भावाला म्हणाल्या आणि रविवारी येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागल्या. गल्लीतल्या आणखी बायका यायच्या. शनिवारी साडी टाकायची आणि रविवारी न्यायला म्हणून येऊन मेघगढ बघूनच जायचं, असा सगळ्यांनी नियमच करून टाकला होता. मालिका संपली की खरा कार्यक्रम सुरू. सेनापतीचं काम करणारा माणूस सेनापती वाटतच नाही, रेशन दुकानात माप मारायला बसवावा असा दिसतो, इथपासून सुरुवात. शेजारच्या पाटीलबाईंचं म्हणणं, राजकुमार आणि धूम्रनाथ यांची कामं अदलाबदल करायला हवी होती, कारण खरा देखणा धूम्रनाथच आहे. मग सोमवारी पाण्याच्या रांगेत तोच वाद, मंगळवारी भिशीत तोच. आणि ह्या सगळ्यांत अक्का सर्वांत हिरिरीनं. मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं ते या वादातच. एकदा मी म्हटलं की घोडाच खरा राजा असणार, त्याला शाप असणार. तर अक्का वळल्या आणि थेट माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "शाप असता तर त्यानं गवत खाल्लं नसतं." मी रात्रभर खूश होते. नणंद आपल्याशी घोड्याबद्दल का होईना, पण बोलली.

त्या वर्षी पितृपक्षातली अविधवा नवमी रविवारी आली. घरातली बाई नवऱ्याच्या आधी गेली की त्या दिवशी तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. शैलाची नवमी मीच करायची, हे कुणी सांगायची गरज नव्हती. सवाष्ण म्हणून पाटीलबाईंना बोलावलेलं. अक्का पहाटेच आल्या, सोवळ्यानं माझ्या बरोबरीनं स्वयंपाकाला लागल्या. शैलाला पुरणपोळी प्राणापलीकडे आवडायची, म्हणून पुरणाचा घाट. मेघगढची वेळ झाली तशी माझी चुळबूळ त्यांनी ओळखली. तू जा बघ, पुरण मी हलवते, म्हणाल्या. केवढं बरं वाटलं मला. पण अक्का त्या अक्काच. आधी ओट्यापाशी उभ्या राहून कान दिला, मग दारात आल्या, मग पळी हातात धरून पार टीव्हीसमोर. त्या दिवशी धूम्रनाथानं नीलाक्षीला मंतरलेल्या तळ्यात ढकललं. पाणी उसळलं, धूर निघाला, आणि तळ्यातून बाहेर आली ती दुसरीच मुलगी. तोच निळा शेला, तेच दागिने, पण चेहरा नवा. आधीचीनं काम सोडलं असणार, कुणी म्हणे लग्न केलं, कुणी म्हणे सिनेमात गेली. मालिकेवाले तळ्याची युक्ती काढून मोकळे झाले. खोलीत एकच गलका झाला. आणि तेवढ्यात आतून वास आला.

पुरण बुडाला लागून पार काळं झालं होतं. अक्का त्या पातेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शैलाच्या नवमीला मी पुरण करपवलं. मग तिथेच ओट्याला टेकून रडायला लागल्या, माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तसा त्यांनी तो हळूच बाजूला केला. आणि टीव्हीकडे पाठ करून, जणू मालिकेबद्दलच बोलतायत अशा आवाजात म्हणाल्या, "जागा भरली म्हणून माणूस भरून निघत नाही, मंदा." न जेवता गेल्या. मी डोळे पुसले, शेवयांची खीर केली, पाटीलबाईंना जेवू घातलं, त्यांची ओटी भरली. दुसऱ्या दिवशी अक्का आल्या, खीर केलीस ते कळलं म्हणाल्या, आणि जाता जाता म्हणाल्या की शैलाला खीर आवडायची नाही.

त्या दिवसापासून आमचे दोन पक्ष पडले. अक्कांचं मत, तळ्यातून आलेली ही नीलाक्षी नव्हेच. धूम्रनाथानं बनवलेली तोतया आहे आणि खरी तळ्याच्या बुडाशी जिवंत आहे. त्यांच्याकडे पुरावेही असायचे. आधीची कट्यार डावीकडे खोचायची, ही उजवीकडे खोचते. घोडा हिला बघून मान फिरवतो. मी म्हणायची, अहो, एवढ्या संकटातून आलीय, कट्यार कुठे खोचायची हे काय बघत बसेल? किल्ला सांभाळतेय ना, बापाची सेवा करतेय ना, मग आणखी काय करायचं तिनं? माझा आवाज चढायचा. बायका हसायच्या, एका मालिकेसाठी मंदाताई किती तावातावानं भांडतात म्हणून. त्यांना काय माहीत. अक्कांना मात्र माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी दर रविवारी त्या यायच्याच.

आणि एक दिवस मेघगढ बंदच झालं. शेवट नाही, काही नाही. खरी तळ्यात, खोटी तख्तावर, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला भलतंच काहीतरी. अक्कांचा संताप बघायला हवा होता. अर्ध्या ताटावरून उठवलं म्हणत होत्या. पाटीलबाई आणि बाकीच्या हळूहळू दुसऱ्या मालिकांकडे वळल्या. आम्ही दोघी नाही वळलो. पुढची गोष्ट आम्हीच रचायला लागलो, बाजारात जाता-येता, मटार सोलताना. माझ्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या तेव्हा आमचे हे कारखान्यात, आणि अक्काच मला घेऊन दवाखान्यात गेल्या. रात्रभर पाठ चोळत बसल्या आणि माझं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मेघगढचे नवे भाग सांगत राहिल्या. त्यातही नवी राजकन्या प्रत्येक भागात हरायची. मी कळा सोसत त्यांच्याशी भांडत होते आणि नर्स म्हणत होती, बाई, जोर तिकडे लावू नका. मुलगा झाला. अक्कांनी त्याला अंगाशी धरलं, त्याला म्हणाल्या, तुझी आई फार हट्टी आहे रे. त्या रात्री त्यांनी माझ्यासाठी काय केलं नाही? तरी तख्त काही त्यांनी मला दिलं नाही.

वर्षं गेली. घरोघरी केबल आली, अक्कांकडेही रंगीत टीव्ही आला, तरी रविवारची खुर्ची त्यांनी सोडली नाही. मागच्या वर्षी त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. रूपालीची नोकरी, अक्कांच्या मुलाची फिरती, म्हणून सोबत मी. नळ्या लावलेल्या, त्यातून त्यांचं रक्त जातंय-येतंय आणि आम्ही तासन् तास मेघगढवर बोलतोय. शेजारच्या खाटेवरचे पेठकडचे एक आजोबा आमचं ऐकून ऐकून इतके रंगले की एकदा मला विचारू लागले, ती पोरगी तळ्यातून निंगली का नाय अजून? अक्का एवढ्या हसल्या की मशीन वाजायला लागलं.

शेवटच्या दिवशी त्या थकलेल्या होत्या. म्हणाल्या, मेघगढचा शेवट मी बदललाय. खरी नीलाक्षी तळ्यातून वर येते. तिला कुणी ओळखत नाही. ती हळूच किल्ल्यात शिरते, बघते तर दिवे लागलेत, म्हाताऱ्या राजाला कुणी भरवतंय, घोडा नवीच्या हातून चारा खातोय. नवी तिला बघते, ओळखते, आणि डोक्यावरचा मुकुट उतरवून तिच्यापुढे धरते. खरी म्हणते, नको, तूच राहा. आणि पुन्हा पाण्यात उतरते.

मला हवं होतं तेच अक्का देत होत्या. आणि माझा स्वभाव बघा, मी वाद घातला. म्हटलं, असं कसं, अक्का? तिच्या माणसांना तिची आठवण नाही येणार?

अक्कांनी डोळे मिटले होते. नळी नसलेला हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "येते ना," म्हणाल्या. "रोज येते. पण त्यात तुझा काय दोष होता? मी उगाच तुला बाहेर उभी केली इतकी वर्षं."

मी नुसती रडले... आणि उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी मशीनवर. अहो अक्का, तिला परत पाण्यात कशाला पाठवता? मेघगढ म्हणजे काय आपली सिडकोची स्कीम आहे, दोन खोल्यांची? एवढा मोठा किल्ला, ढगात जाऊन पोचलेला. राहतील की दोघी. माझ्या घरात नाही का राहिल्या आजवर, फोटोतली शैला आणि मी? हे ऐकून अक्कांनी नक्की म्हटलं असतं, तुझं आपलं काहीतरीच. आणि हसल्या असत्या. ते हसणं माझं राहिलं. आता कुणाला सांगू? आमच्या ह्यांना मेघगढमधलं फक्त घोड्याचं नाव आठवतं.

गेले काही रविवार मी सकाळी मशीन बंद ठेवते. टीव्ही लावते, काहीही लागलेलं असतं, आणि माझं लक्ष दाराजवळच्या खुर्चीकडे. कुणी बसू नये म्हणून तिच्यावर शिवायच्या साड्यांचा ढीग ठेवलाय मी. मागच्या रविवारी दार वाजलं. रूपाली आली होती, हातात डबा. सासूबाईंच्या रविवारांबद्दल तिनं ऐकलेलं होतं. आली, इकडे तिकडे बघितलं, साड्या उचलून नीट दिवाणावर ठेवल्या आणि खुर्चीत बसली. ऊठ तिथून, असं अगदी ओठांवर आलं. तिनं विचारलं, मामी, ते मेघगढ काय होतं, मला सांगाल का? तिला अवघडल्यासारखं झालं होतं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. याच घरात मीही अशीच बसले होते, कुणीतरी आपलं म्हणावं म्हणून वाट बघत.

म्हटलं, "आज नको गं. मला थोडा वेळ लागेल. पण तू येत जा. इथेच बसत जा."