ब्रेकमास्तर आणि बोका

मोटार चालवायला शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता. तो करकचून दाबायचा आणि ओरडायचं, एवढीच त्यांची शिकवण्याची पद्धत. "क्लच! अहो क्लच, तो काय शोभेला बसवलाय?" भलेभले घामाघूम होत. एका बाई तर भर चौकात गाडी सोडून चालत घरी गेल्या होत्या. मास्तर हे कौतुकाने सांगत. "तीनदा ओरडलं की दगडसुद्धा वळणावर येतो," असं वर ऐकवत.

मुलगी शिकायला परगावी गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा त्यांच्या बायकोने मैत्रिणीकडचा एक बोका आणला. राखाडी, गुबगुबीत, आणि चेहऱ्यावर कायम आपल्यालाच या घरात नाइलाजाने राहावं लागतंय असा भाव. बायको त्याला 'सोन्या' म्हणे. मास्तर जे म्हणत ते लिहिण्यासारखं नाही.

सोन्या टेबलावरचा पेला पंजाने हळूहळू कडेला नेई, मास्तरांच्या डोळ्यांत डोळे घालून बघे आणि मग ढकले. मास्तर "ए!" म्हणून गरजले की पलंगाखाली पळे. थोड्या वेळाने दुसरा पेला. पडद्यांच्या दशा लोंबायला लागल्या. इथवर ठीक होतं, पण चौथ्या महिन्यात त्याने मास्तरांच्या बुटात मुतायला सुरुवात केली. बायकोच्या चपलांकडे तो कधी फिरकलाही नाही. फक्त मास्तरांचे बूट, मास्तरांची उशी, आणि एकदा इस्त्री करून ठेवलेली पँट.

"हा मुद्दाम करतो!" मास्तर कडाडले. "सूड घेतोय माझ्यावर!"

"मुका जीव तो," बायको म्हणाली. "आणि तुम्ही जरा हळू बोला, वरच्या मजल्यावरच्यांना आपली पँट पाठ झालीय."

मास्तरांनी सगळे उपाय केले. पिचकारीने पाणी मारलं, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटली, तासभर न्हाणीघरात कोंडलं. बोका काही वळणावर आला नाही, त्याच्या बुटांकडच्या फेऱ्या मात्र वाढल्या. शेवटी मास्तर धुतलेले, अर्धवट वाळलेले बूट घालून शिकवणीला गेले. ऊन तापलेलं, गाडीच्या काचा बंद.

त्या वेळी त्यांच्याकडे एक जनावरांच्या डॉक्टरीणबाई शिकायला येत होत्या. महिनाभर मास्तरांनी त्यांना आरसा, गिअर आणि अक्कल या तिन्ही गोष्टींवरून फैलावर घेतलं होतं. त्या दिवशी त्यांनी दोनदा नाक ओढलं, गाडी बाजूला घेतली, आणि पहिल्यांदाच न विसरता वळायचा दिवाही दाखवला.

"मास्तर, घरी बोका आहे का?"

मास्तरांचे कान लाल झाले. मग धरण फुटलं. पेले, पडदे, उशी, पँट, सगळं बाहेर आलं.

"दिवसातून किती वेळा बसतो लघवीला? थोडी थोडी होते का? ओरडतो का त्या वेळी?"

"मी ओरडतो," मास्तर म्हणाले. "त्याच्याकडे कोण लक्ष देतं?"

"आत्ताच घेऊन या. बोक्याचं तुंबलं तर जिवावर बेततं."

दवाखान्यात सोन्या टेबलावर थरथरत होता. बाईंनी त्याचं पोट चाचपलं तसा तो कळवळला. मूत्राशयाला सूज आली होती. "दुखतं म्हणून जागा बदलतो बिचारा," त्या म्हणाल्या. "आणि भीतीपोटी तुमचा वास येतो तिथेच करतो. त्यात सूड कसला आलाय? घाबरलेलं मांजर आजारी पडतं. घरात कोणी मोठ्याने बोलतं का?"

बायको छताकडे बघू लागली. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तसं… कधीमधी," मास्तर पुटपुटले.

"मग औषध दिवसातून दोनदा, वाळूचे ट्रे दोन, पाणी भरपूर, नखं घासायला दोर गुंडाळलेला खांब. आणि आवाज बंद. पूर्ण." बाईंनी चिठ्ठी पुढे केली. "कळलं का? का तीनदा सांगू?"

बावीस वर्षांच्या धंद्यात मास्तरांना असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

त्या रात्री ते बराच वेळ पलंगाजवळ जमिनीवर बसून राहिले. खालून दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते. मास्तरांनी हात पुढे केला, तसा बोका आणखी मागे सरकला. तेव्हा मात्र त्यांनी बाहीने नाक पुसलं. बायकोला त्यांनी सर्दी झाल्याचं सांगितलं.

दीड महिन्यात बूट कोरडे राहू लागले. पेले पडतच राहिले. ते दुखणं नसून निव्वळ हौस असल्याचा निर्वाळा बाईंनी दिला. बाई गाडीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. गाडीतला आरडाओरडा? छे, तो तसूभरही कमी झाला नाही. उलट घरातला कोटाही आता तिथेच खर्ची पडे.

परवा शेजारचे काका आपल्या कुत्र्याची तक्रार घेऊन आले. मास्तर तिपाईवर अवघडून बसले होते, कारण आरामखुर्चीत सोन्या झोपला होता.

"काका, जनावराला धाक लागतो, धाक!" मास्तर म्हणाले. पण इतकं हळू, की काकांना दोनदा "काय?" विचारावं लागलं.