उलटं गुंडाळलेलं सूत

वडिलांना लकवा मारला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस परभणीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत खाटेवर पडून छताकडे बघत राहायचा. रेल्वेत नोकरीला असलेल्या एका मित्रानं हैदराबादहून जाड पिशवीत चार मासे आणून दिले, तीन लाल आणि एक काळा. मी लोखंडी चौकटीची काचेची टाकी करून घेतली आणि खाटेशेजारी ठेवली. तिसऱ्या दिवशी काळा मासा कोपऱ्याकडे वळला आणि त्याच्यामागं वडिलांची मान वळली. आईनं हातातलं ताट तिथंच जमिनीवर ठेवलं.

नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. म्हणून मी माळ्यावर पत्र्याचं पिंप ठेवलं आणि त्यातून टाकीत बारीक पाइप सोडला. टाकीच्या तळाला शहाबादी फरशी होती. तिला भोक पाडून घाण पाणी काढायचा नळ जोडला. महिनाभरात टाकीखाली ओल दिसू लागली. भिंतीपलीकडे घरमालक राहत. ते म्हणाले, "गुरुजींसाठी गप हाय मी. पर ओल माझ्या भिंतीत आली तर तुमची टाकी रस्त्यावर."

मी मिस्त्रींना बोलावलं. आमच्या गल्लीतले सगळे नळ आणि हातपंप तेच दुरुस्त करायचे. ते स्टेशनापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहत. वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, तरी गल्लीत सगळे त्यांना 'ए मिस्त्री' म्हणत. मीही म्हणत होतो.

ओल चारही कोपऱ्यांत पसरलेली. गळती कुठून, कळेना. मिस्त्री म्हणाले, "आधी पाणी थांबू द्या. अन् चमचाभर दूध द्या, बाई."

आई म्हणाली, "माशांना दूध पाजता का काय?"

"न्हाई, मलाच प्यायचंय," ते म्हणाले आणि हसले.

शाईच्या पेनात शाई भरायचा ड्रॉपर त्यांनी मागून घेतला, दुधानं भरला आणि तळाजवळ नेऊन एकच थेंब सोडला. थेंब फुटला नाही. पांढरा धागा होऊन पाण्यात उभा राहिला. मग हळूच कलला. "निघालं बगा," मिस्त्री पुटपुटले. "आता कुठं जायलंय ते बगायचं." तो धागा फरशीवरून सरकत नळाच्या भोकाशी गेला आणि तिथं आत खेचला गेला. मासेसुद्धा एका बाजूला थांबले होते. वडिलांच्या घशातून पहिल्यांदा काहीतरी आवाज आला. कितीतरी वेळ मी श्वास धरून उभा होतो, हे मला नंतर कळलं. न दिसणारं पाणी त्या माणसानं आम्हाला दाखवलं होतं.

सायकलच्या ट्यूबचं रबर कापून त्यांनी चकती बसवली, आट्यांवर सूत गुंडाळलं आणि मेण चोळलं. जाताना मला बजावलं, "सायेब, घरच्या नळाच्या सांध्याला सफेद्याचा लेप चालतो. हितं लावू नका. इख असतंय त्याच्यात, मासळी मरंल."

काही महिन्यांनी वरच्या पाइपचा सांधा ठिबकू लागला. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव बंद होतं. स्टेशनापलीकडे पोलीस होते. मी मिस्त्रींकडे गेलो असतो तर मला काही झालं नसतं. पण त्या दिवसांत तिकडं जाताना गल्लीनं मला पाहावं, हे मला नको होतं. घरात सफेद्याचा डबा होता. मीच सांधा उघडला, सूत गुंडाळलं, वरून सफेदा थापला आणि पान्यानं सांधा आवळला. ठिबकणं थांबलं. वडील खाटेवरून बघत होते. मी त्यांच्याकडे पाहून हसलोही.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडू लागले. तिसऱ्या दिवशी तिन्ही लाल मासे मेले.

घरमालक बघायला आले. "त्या मिस्त्रीनंच कायतरी लावलं असंल. नामांतर पाहिजे म्हन्तेत, अन् एक सांधा नीट करता येत न्हाई."

मी म्हणालो, "हो. सफेदा लावला त्यानं."

एवढं एकच वाक्य. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. लोक म्हणू लागले, त्याला घरात घ्यायलाच नको.

गाव उघडल्यावर मिस्त्री स्वतःच आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. दारातच म्हणाले, "मला तो सांधा बगू द्या." आत येऊन त्यांनी पाना लावला, पाइप सोडवला आणि नखानं सुताचं टोक उचललं. मग मला जवळ बोलावलं.

"सूत ज्या अंगानं आवळायचं त्या अंगानं गुंडाळतेत. हे उलटं हाय. पाना फिरवला की सैल होत जातंय. सफेद्याच्या थापीवर थांबलं होतं." त्यांनी बोटावर ते सूत मोकळं केलं. जे मी स्वतःच्या हातानं केलं होतं तेही मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते नखाच्या टोकानं वाचलं. "हे मिस्त्रीचं काम न्हाई. कुनी केलं?"

आई माझ्याकडे बघू लागली. वडिलांनी डावा हात चादरीतून काढला आणि माझ्याकडे बोट केलं. ते त्यांनी खाली घेतलं नाही.

मिस्त्री म्हणाले, "कळलं, गुरुजी." मग त्यांनी सफेदा खरवडून काढला, माझ्या हातात नवं सूत दिलं आणि माझं मनगट धरून ते योग्य अंगानं गुंडाळून घेतलं. काळा मासा तेवढा जिवंत होता. त्याच्यासाठी टाकीतलं सगळं पाणी बदललं. रागाचा एक शब्द नाही. अशा माणसाला मी काय ठरवून टाकलं होतं!

"मिस्त्री, चुकलो मी," मी म्हणालो. त्यांना हाक मारताना आधी 'ए' लावायची मला सवय होती. त्या दिवशी पहिल्यांदा 'ए' निघाला नाही.

"मला काय सांगायलात? मला म्हाईत झालं. गल्लीला सांगा."

त्याच दुपारी मी निघालो. घरमालकांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, एवढं काय त्याचं." तरी सांगितलं. पुढच्या तीन घरी सांगितलं. एका बाईनं माझ्या तोंडावर म्हटलं, "शिकलेला हायेस ना रे तू?" पाचव्या घरी पाहुणे बसले होते. पाहुण्यांसमोर कसं बोलायचं, म्हणून मी चहा घेतला, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो. उद्या येईन म्हटलं, आणि गेलो नाही.

त्या घरी नव्या न्हाणीचं काम निघालं होतं. ते दुसऱ्या मिस्त्रीला गेलं.