प्रयोगकाकूंचा जिना

चहा बिघडला की प्रयोगकाकू तो टाकून मोकळ्या होत नसत. साखर तेवढीच, पावडर तेवढीच, दूध फक्त दुसऱ्या पिशवीतलं, असा पुन्हा करायच्या. तोही बिघडला तर मग पावडरीची पाळी. तोवर पाहुणा पाणी पिऊन घरी गेलेला असायचा. ठाण्याच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर फिजिक्सची लॅब सांभाळली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं, कसं कळणार?" हे तिथल्या मुलांना सांगायच्या आणि निवृत्त झाल्यावर आम्हा शेजाऱ्यांना. माझा ताप उतरला तेव्हासुद्धा त्या नाराजच होत्या, कारण मी गोळी आणि काढा दोन्ही घेतलं होतं.

डोंबिवलीत आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. खाली दोन खोल्या, वर एक, आणि मधे लाकडी जिना. काकांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा हॉस्पिटलमधून आणून त्यांना वरच ठेवावं लागलं, कारण कमोड वर होता. त्यांचा जीव मात्र खाली, दारातल्या खुर्चीत. तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकणं हाच त्यांचा संध्याकाळचा उद्योग होता. डाव्या पावलाला आता काही जाणवत नव्हतं आणि खाली बघितलं की घेरी यायची. तरी डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज धरून जिना उतरवा, नाहीतर हे कायमचे वरच राहतील. काकूंनी ते फार मनाला लावून घेतलं.

काका उजव्या हाताने कठडा धरून आणि डावीकडे काकूंचा आधार घेऊन वरच्या दोन पायऱ्या उतरायचे. त्या दोन्ही कुरकुरायच्या. तिसरीवर पाय टाकला की थबकायचे आणि जड जिभेने विचारायचे, "आवाज आला का?" तेवढंच एक वाक्य त्यांना धड म्हणता येत होतं. मग पाऊल मागे आणि परत खोलीत. रोज हेच. जिना मोडेल अशी त्यांना धास्ती बसली आहे, असा आम्ही सगळ्यांनी अर्थ लावला. त्यांची लेक मीनल माजिवड्याहून फोनवर म्हणाली, "आई, तो जिनाच काढून टाक ना, लोखंडी बसव." काकू म्हणाल्या, "आधी कारण शोधू."

कारण शोधायचं म्हणजे काकू टॉर्च घेऊन जिन्याखालच्या अडगळीत आणि मी पायऱ्यांवर. "डाव्या कडेला उभी राहा. आता मधे. आता नुसती टाच." त्या सांगतील तशी मी नाचत होते. पाय एका पायरीवर द्यावा आणि आवाज खालच्या पायरीतून आल्यासारखा वाटावा, असला तो चमत्कारिक जिना. पहिल्या रविवारी काकूंनी फटीत टाल्कम पावडर भरली. आवाज तसाच, फक्त घरभर बाळाचा वास. दुसऱ्या रविवारी पाचर मारली, तर कुरकुर आणखी वाढली. मी म्हटलं, "काकू, सगळंच एकदम ठोकून टाकू या ना." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी गुमान टाच टेकवली. शेवटी सापडलं. दोन्ही पायऱ्यांची फळी खालच्या उभ्या फळीपासून सुटली होती, आणि पाय पडला की जुन्या खिळ्यावर वरखाली होत होती. काकूंनी खिळे काढून स्क्रू पिळले. जिना गप्प झाला. आम्ही दोघी लाडू खाऊन खूश.

संध्याकाळी काकांना उभं केलं. त्यांनी पहिल्याच पायरीवर पाय टाकला आणि विचारलं, "आवाज आला का?" "मुळीच नाही," काकू अभिमानाने म्हणाल्या. काकांनी पाय मागे घेतला. नंतर कितीही विनवण्या केल्या तरी त्यांनी दुसऱ्यांदा पाऊल टाकलं नाही. आधी दोन तरी पायऱ्या उतरत होते, आता एकही नाही. मला काही म्हणजे काहीच कळेना. काकू जिन्यावरच बसल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एकच गोष्ट बदलली. आवाज. आणि ह्यांचं बिघडलं. म्हणजे ह्यांना तो हवा होता." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, जिथे आवाज येत नाही तिथेच विचारतात ते. पाऊल टेकलं की नाही, हे त्यांना आवाजावरून कळत होतं."

त्यांनी घट्ट केलेले स्क्रू सैल केले, आणि मग बाकीच्या पायऱ्यांचे खिळेही. आठवडाभराने काका कुरकुर कुरकुर करत खाली आले आणि खुर्चीत बसून त्यांनी जड जिभेने पहिल्यांदा मलाच हटकलं. काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. पुढे काका होते तोवर रोज संध्याकाळी तो जिना वाजायचा, आणि आमच्या घरात ऐकू आला की बरं वाटायचं.

काका गेल्यावर मी एकदा म्हटलं, "आता जिना घट्ट करायचा का?" काकू नुसतं "बघू" म्हणाल्या. मला वाटलं, काकांची आठवण म्हणून तसाच ठेवत असतील. त्या पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि मधल्या दोन-तीन पायऱ्या मुक्या झाल्या. एका रविवारी मी खाली भाजी निवडत होते आणि काकू वरून येत होत्या. कठडा घट्ट धरलेला, नजर समोर. मधेच थांबल्या.

"आवाज आला का गं?"

मी वर बघितलं. त्यांचं पाऊल अर्धं पायरीच्या बाहेर होतं. त्यांना मधुमेह होता, हे मला माहीत होतं. त्याने पावलं बधिर झाल्याचं मात्र त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. "नाही आला," असं म्हणून मी धावत वर गेले आणि त्यांचं पाऊल दोन्ही हातांनी धरून नीट टेकवलं. ते हातांना गार लागलं.

मीनलला त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि महिन्याभरात माजिवड्याला जायचं ठरलं. तिथे लिफ्ट आहे, गुळगुळीत लाद्या आहेत. गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "काका नाहीत, घर नाही, जिना नाही," त्या म्हणाल्या. "सगळंच एकदम बदललं गं. आता तिथे करमलं नाही, तर कशामुळे, ते कसं शोधायचं?"