बाळंतिणीच्या खोलीवरची गोल कवेलू

नातवंडांनो,

परवा फोनवर तुमच्यातली धाकटी रागानं सांगत होती, की दुरुस्तीला आलेल्या माणसानं तुमचं अर्धं छप्पर उतरवून ठेवलं आणि तो दुसऱ्याच कामावर निघून गेला. मी हसले. तिला ते लागलं, हे तिच्या ‘ठीक आहे, आजी’वरून मला कळलं. मी तुमच्या अडचणीला हसले नव्हते. मला आमचा ठेकेदार आठवला होता. तो आठवला की आधी हसू येतं आणि मागून छातीत धडधडायला लागतं. ती धडधड फोनवरून तुमच्यापर्यंत कशी पोचणार? म्हणून हे लिहिते आहे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही ढाणकीला राहत होतो. तुमचे आजोबा शाळेत शिकवत आणि तुमचे बाबा नुकते चालायला लागले होते. घर म्हणजे एकीमागे एक अशा तीन खोल्या आणि बाजूला स्वयंपाकघर. वर गोल कवेलू, म्हणजे कौलं, कुंभारानं मांडीवर थापल्यासारखी, अर्ध्या नळीच्या आकाराची. वानरांची टोळी आठवड्यातून एकदा तरी त्यावरून धावायची. मारुतीची म्हणून त्यांना कोणी दगड मारत नसे. ती गेली की आम्ही खाली उभं राहून कुठून आभाळ दिसतं ते बघायचो.

त्या वर्षी छप्पर बदलायचं ठरलं ते मात्र वानरांमुळे नाही. माझी नणंद बाळंतपणाला येणार होती. तिचं पहिलं बाळंतपण सासरी झालं होतं, ऐन पावसाळ्यात, गळक्या खोलीत. मूल दोन दिवस जगलं. मला वाटे, ते ओलीनं गेलं. सासूबाईंना तसं वाटत नव्हतं. प्रसूती चालू असताना गळती बुजवायला तिचा दीर त्या खोलीवर चढला होता. अडलेल्या बाईच्या डोक्यावर पुरुषाचा पाय पडला, म्हणून मूल गेलं, असं त्या म्हणत. या विषयावर आम्ही दोघी कधी भांडलो नाही, कारण नवं छप्पर दोघींनाही हवं होतं.

इंग्रजी कवेलू, म्हणजे एकमेकांत अडकणारी चपटी, ट्रकनं उमरखेडपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं आली. माघ महिना होता. आभाळ स्वच्छ. ठेकेदारानं एका दिवसात सगळी जुनी कवेलू उतरवली आणि अंगणात रचून ठेवली. मला त्याच्या कामाचं फार कौतुक वाटलं. मग स्वयंपाकघरावर नवी कवेलू चढवून तो जो गेला तो दिसेचना. चौकशी केली तर गावात आणखी दोन घरं त्यानं अशीच उघडी करून ठेवली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “नवीन हाय का तुम्ही? तो असंच करते. घर उघडं पडलं की मालक कुठं पळते?” त्याच्याकडे ताडपत्री एकच होती आणि ती कोणत्या दिवशी कोणाच्या घरावर असेल, हे त्यालाच ठाऊक.

आम्ही दिवस मोजत नव्हतो, कारण नणंदेला अजून अवकाश होता. पण ती गाडीच्या धक्क्यांतून आली आणि दोन-तीन दिवसांनी, दुपारची भांडी घासता घासता मी वर बघितलं तर उमरखेडच्या बाजूचं आभाळ काळं नव्हे, पिवळट झालेलं. त्याच वेळी मागच्या खोलीतून सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांचा आवाज ऐकूनच मी काय ते समजले.

सुईण शेजारीच राहत होती, ती लगेच आली. तुमचे आजोबा शाळेच्या कामानं पुसदला गेले होते. तुमच्या बाबांना मी काकूंच्या कडेवर दिलं. मागच्या खोलीवर वासे आणि त्यांवरच्या लाकडी पट्ट्या होत्या, त्यापलीकडे उघडं आभाळ. आम्ही खाटेच्या वर जाजम बांधलं. वारा सुटला आणि ते एका बाजूनं सुटून फडफडायला लागलं.

मी म्हटलं, “आई, वन्संना स्वयंपाकघरात नेऊ या. तिथं छप्पर आहे.”

स्वयंपाकघरात देव होते. सासूबाईंनी एकदा तिकडं बघितलं, एकदा लेकीकडे. त्या ‘हो’ म्हणणार होत्या, असं मला आजही वाटतं. पण सुईणच म्हणाली, “आता नाई हालवता येत, बाई. उशीर झाला.”

मी ठेकेदाराला शोधायला निघाले, तो तोच दारात. आभाळ बघून आला होता, सोबत कवेलू वाहणारी एक बाई. ती जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर चुंबळ. एरवी तो दिसता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी शिडीकडे बोट दाखवलं फक्त.

तो म्हणाला, “आलो ना मी! कायले घाबरता? आत्ता झाकून देतो.” आणि शिडी मागच्या भिंतीला लावली.

त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सासूबाई खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी शिडीच धरली.

“उतर.”

“अवो मायबाई, गारा येऊन राह्यल्या!”

“येऊ दे. आत माझी पोरगी अडली हाय. तिच्या डोक्यावर तुझा पाय पडू देणार नाही मी.”

ठेकेदार माझ्याकडे बघायला लागला. तो पायरीवरून उतरलाही होता. कारण हे ऐकल्यावर चढायला तोही धजत नव्हता. “मले काय मालूम?” तो पुटपुटला. “मले सांगायचं ना आधी.”

“तुले सांगायले तू घरी कधी होता?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, गारांनी खोली भिजली तर?” मी विचारलं. त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली. भिजलं तर मागच्यासारखं होईल ही माझी भीती होती आणि तो चढला तर मागच्यासारखं होईल ही त्यांची. मूल एकच होतं. आतून नणंदेचं कण्हणं येत होतं आणि दूर कुठेतरी टिनावर तडतड सुरू झाली होती.

तेव्हा तांड्यावरची बाई बोलली. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात. “याडी, पुरुषाचा पाय नको ना? मंग मी चढते.”

सासूबाईंनी तिला खालपासून वर न्याहाळलं. “लेकरं हायत तुले?”

“हायत ना. तांडाभर हुंदडून राह्यलेत.”

“गेलं नाही ना एखादं?”

“नाई, याडी.”

सासूबाईंनी शिडी सोडली. मग माझ्याकडे वळल्या. “तूही चढ, सूनबाई. तुझंही लेकरू ठणठणीत हाय.”

मी मॅट्रिकला इंग्रजीत पहिली आले होते, पण आयुष्यात झाडावरसुद्धा चढले नव्हते. पदर खोचला आणि चढले.

ठेकेदाराला वळचणीपर्यंत कवेलू पोचवायची परवानगी होती. वळचणीच्या वर त्याचा हात गेला की खालून सासूबाई ओरडत, “हात खाली!” आणि आम्ही पट्ट्यांवर ओणव्या होऊन ती उचलून घेत होतो. त्या बाईनं अनेक वर्षं कवेलू वाहिली होती, बसवलं एकही नव्हतं. कवेलूंचंच काम करणाऱ्या तिच्या नवऱ्यानंही कधी बसवू दिलं नव्हतं, असं ती म्हणाली. मी एका टोकाला, ती दुसऱ्या. ठेकेदार खाली अंगणात नाचत होता.

“खालून वर! खालून वर जा! खाच दिसते का? खाचेत बसवा!”

“दिसते, दिसते!” ती वरून ओरडली. “बोंबलू नको, पडन मी.”

पट्ट्यांमधून मला खाली नणंद दिसत होती. जाजम आता पुरतं सुटून भिंतीला लटकलं होतं. तिनं डोळे उघडले, वर मला बघितलं आणि तशा कळांमध्ये म्हणाली, “वहिनी, पडशीन नं व!” मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मी पुढचं कवेलू ठेवलं आणि तिचा चेहरा दिसेनासा झाला.

पहिली गार माझ्या पाठीवर बसली. मग बोराएवढ्या, मग त्याहून मोठ्या. ठेकेदारानं खालून आमच्याकडे दोन टोपली फेकली, ती आम्ही डोक्यावर पालथी घातली. मांडत मांडत आम्ही दोघी मध्ये आलो आणि तिथं घात झाला. ती तिच्या टोकापासून निघाली होती, मी माझ्या. दोन्हीकडची कवेलू मध्ये जुळेनात. वळचणीपासून आढ्यापर्यंत वीतभर रुंदीची उघडी पट्टी राहिली, बरोबर खाटेवर. तिथं चपटं कवेलू मावत नव्हतं.

“एका टोकाहून करा म्हणलं होतं ना मी!” खालून ठेकेदार.

“कधी म्हणला? खालून वर म्हणला तू!”

त्याच्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं, की सांगायचं राहून गेलं होतं. गारा त्या फटीतून आत पडायला लागल्या. मी तिथं आडवी झाले. दुसरं काही सुचलं नाही. पाठीवर गारा बसत होत्या आणि पोटाखाली, खोलीत, सुईण ओरडत होती, “जोर लाव, बाई, जोर लाव!”

बाईच्या लक्षात आलं. “जुने दे!” ती ठेकेदाराला म्हणाली. “गोल जुने दे!”

अंगणातल्या ढिगातून त्यानं गोल कवेलू फेकायला सुरुवात केली. अर्ध्याहून जास्त फुटली. हाती लागतील ती तिनं फटीवर पालथी घातली, एकावर एक चढवत आढ्यापर्यंत, आणि मी तिच्या पुढून वर सरकत गेले. शेवटचं तिनं ठेवलं तेव्हा मी आढ्यावर पोचले होते.

गारांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्या थांबल्या तेव्हाही काही ऐकू येईना. पांढऱ्या अंगणात ठेकेदार हात जोडून उभा होता. आम्ही दोघी वर बसून होतो. खाली उतरायला मला भीती वाटत होती आणि ती उंचीची नव्हती. तिनं माझा हात धरला होता, तिच्या बांगड्या थंडगार लागत होत्या.

मग दार वाजलं. सासूबाई बाहेर आल्या.

“आई, रडलं का?” मी वरूनच विचारलं.

“मघापासून रडून राह्यली. आता अंगाशी लागली, म्हणून चूप हाय,” त्या म्हणाल्या. “पोरगी झाली. कोरडी हाय.”

इतकं बोलून त्या तिथंच, गारांवर, मटकन खाली बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून ठेकेदार रोज यायला लागला. पुढच्या खोल्या त्यानं सरळ ओळीत सुरेख शाकारल्या. मागच्या खोलीवरची ती गोल कवेलूंची ओळ त्याच्या डोळ्यांत सलत होती. बारा दिवस झाल्यावर त्यानं विचारलं, “मायबाई, आता चढू का? ते बेढब दिसते. लोक मले नावं ठेवतीन.”

सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन ऊन देत होत्या. “ठेवू दे नावं,” त्या म्हणाल्या. “तिथं हात नाही लावायचा.”

त्या मुलीला तुम्ही ओळखता. ती तुमच्या बाबांची आतेबहीण, मागच्या खेपेला तुम्हांला बोरकूट पाठवणारी. घर आता तिच्याकडे आहे. पुढच्या दोन खोल्यांवर तिनं स्लॅब घातला. मागच्या खोलीवर तीच चपटी कवेलू आहेत, मध्ये वळचणीपासून आढ्यापर्यंत गोल कवेलूंची एक ओळ आहे, आणि तिथून गळत नाही.